आधी काढा, मग बसवा

सकाळी आठ वाजता सात नंबरने हेडफोन कानाला लावला तेव्हा रांगेत बासष्ट फोन होते. सव्वाआठला ते चारशे झाले, आणि साडेआठला रांग दाखवणारा भिंतीवरचा पडदाच काळा पडला, त्यामुळे पुढचा आकडा कोणाला कळलाच नाही. न कळलेलंच बरं, असं आठ नंबर म्हणाली.

सात नंबर म्हणजे सातव्या टेबलावर बसणारी. घरी तिला नाव होतं, पण या खोलीत टेबलाचा नंबर हेच नाव, आणि सहा वर्षांत ते तिला इतकं चिकटलं होतं की भाजी घेताना कोणी "सात" म्हटलं तरी ती वळून बघायची. तिची कंपनी 'राखण' नावाचा प्रोग्राम विकायची. कॉम्प्युटरला व्हायरसपासून सांभाळायचं, परक्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढं राखणीचं काम. राखणीचं काही बिनसलं की ग्राहक ज्या बारा टेबलांना फोन करायचे, त्यातलं सातवं हिचं.

त्या दिवशी राखणीचं फारच बिनसलं होतं. आदल्या दिवशी कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टिमचा मोठा अपडेट आला, आणि त्याच दिवशी ब्राउझरचाही. राखणीला नवा ब्राउझर ओळखू येईना. चोर समजून तिने त्याला कोंडून टाकलं. मग सिस्टिमचा अपडेट पुढे सरकायला लागला, तर त्याचाही हात धरला. अपडेट बिचारा दर चार मिनिटांनी कॉम्प्युटर बंद करायचा, चालू करायचा आणि पहिल्यापासून प्रयत्न करायचा. नव्या सिस्टिमला चालेल अशी नवी राखण कंपनीने दोन दिवस आधीच तयार ठेवली होती, पण ती होती वेबसाइटवर. वेबसाइटवर जायचं तर ब्राउझर हवा, आणि ब्राउझर तर कोंडलेला. शिवाय नवी राखण बसणार ती फक्त अपडेट पूर्ण झालेल्या सिस्टिमवर. म्हणजे औषध कपाटात, कपाटाची किल्ली आजाऱ्याच्या मुठीत, आणि आजारी बेशुद्ध.

कंपनीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरांवरही राखणच होती. साडेआठला बाराही टेबलांवरचे पडदे एकदम चालू-बंद व्हायला लागले. पडद्यावरून येणारे फोन थांबले आणि आपोआप टेबलावरच्या जुन्या वायरवाल्या फोनांवर यायला लागले. इतकी वर्षं ते फोन कागद उडू नयेत म्हणून ठेवल्यासारखे होते. सगळे एकदम वाजले तेव्हा तीन नंबर खुर्चीतून उडाला.

प्रत्येक टेबलावर एक कार्ड असायचं. ग्राहकाशी काय बोलायचं ते त्यावर छापलेलं. सात नंबरने त्या दिवशीच्या नवव्या ग्राहकाला कार्ड वाचून दाखवलं, "आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया आमच्या वेबसाइटवर जाऊन नवी राखण उतरवून घ्या."

पलीकडे एक बेकरीवाला होता. तो शांतपणे म्हणाला, "बाई, वेबसाइटवर जाता आलं असतं तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता? संध्याकाळी चार केक द्यायचेत. कोणत्या केकवर कोणाचं नाव, ते आत अडकलंय. आता चौघांनाही 'बाळ' लिहून देऊ का? त्यातला एक सत्तर वर्षांचा आहे."

सात नंबरने ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात शेजारून आठ नंबरचा आवाज आला, "कृपया आमच्या वेबसाइटवर जाऊन..." आणि मागून नऊ नंबरचा, "दिलगीर आहोत." हसू ही अशी चीज आहे, की तोंडाने अडवलं तर नाकाने निघतं. सात नंबरच्या नाकातून असा काही आवाज निघाला की बेकरीवाला म्हणाला, "रडताय का हो तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणजे, हो म्हटलं तरी चालेल."

"रडू नका. मी थांबतो."

पुढचा एक दंतवैद्य होता. त्याच्या खुर्चीत पेशंट वीस मिनिटं तोंड उघडून बसला होता आणि पेशंटच्या दाढेचा फोटो कॉम्प्युटरमध्ये. "डावी की उजवी एवढं तरी कळू दे," दंतवैद्य म्हणाला. "पेशंट म्हणतो दोन्ही दुखतात." त्यानंतर एका वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. त्यांच्या दारात पुस्तकं परत द्यायला आलेले लोक उभे होते आणि कोणाकडे कोणतं पुस्तक आहे ते सांगायला मशीन तयार नव्हतं. "मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण मला त्याची सवय नाही हो."

दहा वाजेपर्यंत खोलीची अवस्था मोठी विचित्र झाली. काम तर एकही होत नव्हतं, आणि बाराच्या बारा जण डोळे पुसत होते. कोणी नुसतं "कृपया" म्हटलं तरी पाच जण टेबलाखाली वाकायचे.

यात हसत नव्हता तो एकच माणूस, कलमसाहेब. ते या खोलीचे प्रमुख. कोणत्याही प्रश्नाला नियमावलीतलं कलम सांगून उत्तर द्यायचे, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. कोणी आजारी पडलं तर रजेचं कलम स्वतः शोधून द्यायचा. ते मुख्य इंजिनिअरला फोन लावून लावून दमले होते आणि खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणत होते, "कलम चार. आवाजातून हसू जाणवावं, पण हसणं ऐकू येऊ नये."

यावर तर अकरा नंबर उठून बाहेरच गेला.

साडेदहाच्या सुमारास सात नंबरने पुढचा फोन उचलला. "नमस्कार, राखण मदत केंद्र. मी आपली काय मदत करू शकते?"

"मान वर करून बघ," फोनमधून आवाज आला.

तिने मान वर केली. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. कानाला मोबाईल, खांद्याला पिशवी, पायात चालायचे बूट.

"आई? तुम्ही इथे कशा?"

"अगं, पाऊण तास रांगेत आहे," सासूबाई मोबाईलमध्येच म्हणाल्या. "दर मिनिटाला एक बाई सांगते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. म्हटलं, इतका महत्त्वाचा असेल तर चालतच जाते. निघाले, आले, जिना चढले, आणि आत्ता नंबर लागला."

दोघी एकमेकींकडे बघत फोनवर बोलत होत्या. ते आठ नंबरने पाहिलं आणि तिने आपलं डोकं टेबलावर ठेवलं.

सासूबाईंची ओळख इथेच करून दिलेली बरी. त्या अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. वायरी ओढायच्या, खोचायच्या, कानाने ऐकायचं, तोंडाने रागावलेल्या माणसाला शांत करायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातला कॉम्प्युटर ताब्यात घेतला. त्यांच्या एक्स्चेंजमधल्या चार मैत्रिणी चार गावांत पांगल्या होत्या, आणि दर मंगळवारी सकाळी नऊला पाचही जणी पडद्यावर भेटायच्या. सूनबाईनेच त्या कॉम्प्युटरवर राखण बसवून दिली होती, मोठ्या अभिमानाने.

आणि आज मंगळवार होता.

सात नंबरचा चेहरा पडला. "आई, तुमची भेट हुकली ना? माझ्या राखणीमुळे."

"हुकते कशाला? झाली. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्याचं सगळं ऐकूनच निघाले."

"झाली? म्हणजे तुमचा कॉम्प्युटर चालू आहे?"

"तेच सांगायला तर फोन केला होता," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी एकदाचा मोबाईल बंद केला.

फोन वाजत होते, पण माना सगळ्यांच्या इकडे वळल्या. कलमसाहेब दोन टेबलांमधून वाट काढत आले. "तुमचा कॉम्प्युटर चालू आहे? कुठल्या इंजिनिअरने केला?"

"मी केला. अहो साहेब, त्यात काय आहे? दोघं भांडत असले तर दोघांना एका खोलीत ठेवून न्याय करता येत नाही. एकाला बाहेर काढायचं. आम्ही एक्स्चेंजमध्ये लाईन दुरुस्त करताना आधी काय करायचो? वायर ओढून बाजूला. मग दुरुस्ती. मग वायर परत. पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढली, म्हणजे बाहेरून कोणाची ढवळाढवळ नको. शिफ्टचं बटण दाबून धरलं आणि रीस्टार्ट म्हटलं. एक यादी येते, त्यात चार नंबरला सेफ मोड. त्या मोडमध्ये राखण झोपलेली असते. झोपेतच तिला काढून टाकली. मग कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला, अपडेट आपला गुपचूप पूर्ण झाला. वायर लावली, ब्राउझर मोकळा झाला, त्याने तुमच्या साइटवर जाऊन नवी राखण आणली. आधी काढा, मग बसवा. चार वेळा चुकले, पाचव्यांदा जमलं."

बाराही जण ऐकत होते. इतकं सोपं असूनही ते कोणाला सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या कार्डावर 'काढून टाका' हे शब्दच नव्हते.

कलमसाहेबांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. "कलम अकरा," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुःखी होता. "ग्राहकाला आपलं उत्पादन काढून टाकण्याचा सल्ला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये."

"बरं. आणि परत बसवण्याचा सल्ला देऊ नये, असं लिहिलंय का कुठे?"

कलमसाहेबांनी खिशातून नियमावली काढली. पानं उलटली, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "तसं लिहिलेलं नाही."

"मग एकच वाक्य करा. काढून टाका आणि परत बसवा. एका दमात म्हणायचं, मध्ये श्वास घ्यायचा नाही."

कलमसाहेबांनी नियमावली मिटली. मग आपल्या केबिनकडे बोट दाखवलं. "आधी माझ्या मशीनवर करून बघा. त्यात आठ वर्षांचे ड्युटीचे तक्ते आहेत. गेले तर माझे जाऊ देत, ग्राहकाचं काही जायला नको."

सात नंबरला या माणसाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. तिने वायर काढली, सासूबाईंनी सांगितलं तसं शिफ्ट दाबून धरलं, चार दाबला. दारात अकरा डोकी एकावर एक. राखण काढताना मशीनने विचारलं, "आपली खात्री आहे का?" आणि कलमसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली, जणू मशीनला ती दिसणार होती. पंचवीस मिनिटांनी पडद्यावर त्यांचे तक्ते जसेच्या तसे उभे होते, आणि कोपऱ्यात नवी राखण बसलेली. कलमसाहेबांनी उघडलेला पहिला तक्ता पाच वर्षांपूर्वीचा होता. तरी ते तो दोन मिनिटं प्रेमाने वाचत राहिले.

आता प्रश्न होता रांगेचा. एकेकाला समजावायला पंचवीस मिनिटं धरली, तर बारा जणांना आठवडा लागला असता. सासूबाई मात्र कोपऱ्यातल्या एका करड्या पेटीकडे बघत होत्या. जुन्या फोनांचा तो बोर्ड होता.

"यावर पूल आहे का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे पुष्कळ लाईनी एकत्र जोडायची सोय."

"आहे," कलमसाहेब म्हणाले. "तीस लाईनींची. वर्षातून एकदा संचालकांचं भाषण असतं तेव्हा लावतात."

सासूबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पेटीपुढे खुर्ची ओढली आणि बटणांवर बोटं ठेवली. त्यांच्या खांद्यांची ठेवण बदललेली सात नंबरला स्पष्ट दिसली. एकेक बटण खाली जायला लागलं. "फोन ठेवू नका, जोडते. फोन ठेवू नका, जोडते." तीस वेळा, सकाळपासून थांबलेल्यांपासून सुरुवात करून, न थकता, घाई न करता. मग त्यांनी सुनेकडे बघून हात केला. "चल. लाईन माझी, बोलणं तुझं."

सात नंबरने कार्ड उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. त्यावर उपयोगाचं काहीच नव्हतं.

"मंडळी," ती म्हणाली, "तुम्ही तीस जण एकाच फोनवर आहात. सगळ्यांचं दुखणं एकच आहे, तेव्हा औषधही एकदमच घेऊ. आधी इंटरनेटची वायर काढा."

तीस घरांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत माणसं टेबलाखाली शिरल्याचे आवाज आले. खुर्च्या सरकल्या, कोणाचं तरी डोकं आपटलं. "काढली." "काढली." "ही निळी का?" "काढली." आणि मग एक खट असा आवाज होऊन एक लाईन मेली. त्या गृहस्थांनी जी वायर काढली तिच्यावरच त्यांचा फोन होता.

"एक गेले," सासूबाई म्हणाल्या आणि तिथे रांगेतला पुढचा माणूस जोडला. "या, वायर काढा."

"आता शिफ्टचं बटण एका हाताने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने रीस्टार्ट करा."

"मग फोन कुठे धरू?" कोणीतरी विचारलं.

"माझा पेशंटने धरलाय," दंतवैद्याचा आवाज आला. "तोंड उघडंच असल्यामुळे त्याला बोलता येत नाही, पण धरतो छान."

सात नंबरला पुन्हा हसू यायला लागलं, आणि यावेळी तिने ते अडवलं नाही. ती हसली तशी पलीकडची तीसही माणसं हसली. चार दाबा, ती हसत म्हणाली. राखण शोधा. आता ती काढून टाका आणि परत बसवा, पण परत बसवणं नंतर. हे तिने एका दमात म्हटलं, आणि कलमसाहेबांनी पाठीमागे हळूच हुश्श केलं.

अपडेट पूर्ण व्हायला वेळ लागणार होता. प्रत्येकाच्या पडद्यावर गोल फिरत होता आणि टक्के वाढत होते. सात नंबर म्हणाली, "आता फोन ठेवलात तरी चालेल. दहा मिनिटांनी पुन्हा जोडू." पण कोणी फोन ठेवेना.

"माझे बावीस टक्के," एक बाई म्हणाल्या.

"माझे एकतीस," बेकरीवाला म्हणाला.

"तुमचं मशीन नवं असेल."

"छे हो, पीठ जाऊन जाऊन आवाज करतं ते."

आणि शर्यत सुरू झाली. चाळीस, त्रेचाळीस, पंचावन्न. कोणीतरी टक्के लिहून घ्यायला लागलं. आठ नंबरने खोलीतल्या फळ्यावर नावांऐवजी धंदे लिहिले, बेकरी, दात, वाचनालय, छापखाना, पाळणाघर, आणि पुढे आकडे. दंतवैद्य साठवर अडकला तेव्हा पाळणाघरातल्या बाईंनी मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि तो खरंच एकसष्टवर गेला. बेकरीवाला पहिला आला. त्याने लगेच चारही नावं मोठ्याने वाचून दाखवली, कोणी विचारलं नव्हतं तरी.

याच वेळी मुख्य इंजिनिअरचा फोन आला. तो दुसऱ्या इमारतीत, नवव्या मजल्यावर बसायचा आणि एरवी खाली कोणाशी बोलायचा नाही. सासूबाईंना वाटलं हाही रांगेतलाच. "फोन ठेवू नका, जोडते," म्हणून त्यांनी त्याला पुलावर घेतला.

"ऐका," इंजिनिअर म्हणाला, "यावर अजून काही उपाय सापडलेला नाही. ग्राहकांना सांगा, दोन दिवस धीर धरा. आणि चुकूनही कोणाला राखण काढायला लावू नका. सगळं बिघडेल."

"कोण बोलतंय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मी मुख्य इंजिनिअर. तुम्ही कोण?"

"मी बेकरीवाला. तुमच्याकडेही बंद पडलंय का? घाबरू नका. आधी वायर काढा."

"कोणती वायर?"

"इंटरनेटची," तीन-चार जण एकदम म्हणाले. "जपून, फोनची नको," छापखान्यातून कोणी सांगितलं. "मग शिफ्ट दाबून धरा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांनीच रस्ता सांगावा, तसा तो प्रकार होता. सात नंबरने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. कलमसाहेब हळूच खुर्चीत बसले, रुमाल तोंडावर घेतला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आठ वर्षांत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र अजिबात येत नव्हता.

इंजिनिअर हुशार होता, एवढं त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. त्याने दोन प्रश्न विचारले, वायर का काढायची आणि सेफ मोडमध्ये राखण सुटते कशी. सासूबाईंनी दोन्हींची उत्तरं दिली. "मी वरून खाली शोधत होतो," तो म्हणाला. "माझंही मशीन सकाळपासून बंद आहे. चार नंबर म्हणालात ना?"

फळ्यावर त्याच्यासाठी नवी ओळ घालावी लागली.

सगळ्यात शेवटी वाचनालय राहिलं. ते मशीन जुनं होतं आणि नव्व्याण्णववर जाऊन बसलं. बाकीच्यांची कामं झाली होती, नवी राखण बसली होती, दुकानांत गिऱ्हाईकं खोळंबली होती. तरी एकही लाईन सुटली नाही.

"तुम्ही लोक कामाला लागा," ग्रंथपालबाई संकोचून म्हणाल्या. "माझ्यासाठी कशाला थांबता?"

"थांबतो," दंतवैद्य म्हणाला. "डावी होती. पेशंट पण थांबतो म्हणतोय."

सात मिनिटं सगळे थांबून राहिले. मग पलीकडून एक बारीक सूर वाजला, मशीन सुरू झाल्याचा, आणि ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आलं." त्यावर जो गलका झाला तो खालच्या मजल्यावरच्या विमा कचेरीत ऐकू गेला आणि तिथला शिपाई काय झालं ते बघायला वर आला.

दुपारपर्यंत सासूबाईंनी असे सहा पूल जोडले. दोन वाजता इंजिनिअर स्वतः जिना चढून आला, सात नंबरला एका शांत खोलीत घेऊन गेला आणि तिच्या आवाजात पाच वाक्यांचा निरोप रेकॉर्ड केला. रांगेत थांबलेल्या प्रत्येकाला तो ऐकू यायला लागला, आणि तीन वाजता फोन वाजायचे मधूनमधून थांबू लागले. पाचला तर खोली इतकी शांत झाली की आठ नंबरने आपलाच फोन उचलून तो चालू आहे ना ते पाहिलं.

कलमसाहेबांनी सासूबाईंना चहा दिला आणि अवघडून विचारलं, त्यांचं नाव अहवालात कोणत्या हुद्द्याखाली लिहू.

"ग्राहक लिहा," सासूबाई म्हणाल्या. "रांगेत होते की मी."

दुसऱ्या दिवशी नवं कार्ड लिहायचं काम सात नंबरवर आलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसली. पहिल्या मसुद्यात नऊ वेळा 'कृपया' आलं होतं. सासूबाईंनी पेन्सिल घेतली आणि आठ खोडले.

"एक का ठेवलात?" तिने विचारलं.

"वायरीपाशी असू दे. माणूस टेबलाखाली वाकलेला असतो गं, तिथे बरं वाटतं."

मग दोघींना एकदमच ते तीस घरांतले टेबलाखाली शिरण्याचे आवाज आठवले. सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, सात नंबरने कागद तोंडावर धरला, आणि पुढची पंधरा मिनिटं कार्ड काही पुढे सरकलं नाही.